गुलबानूखालाच्या चौदा नमाजा

अर्ध्या रोट्या भाजून झाल्या होत्या. तांदळाच्या उकडीचा उरलेला गोळा परातीत ओल्या फडक्याखाली होता आणि तव्यावरची रोटी नुकतीच फुगायला लागली होती, तेवढ्यात बेल वाजली. गुलबानूने गॅस बंद केला आणि पिठाचे हात वर धरून कोपराने कडी सरकवली. दारात हैदराबादची एक तरुण बाई उभी होती. तिसऱ्या मजल्यावर कालच तिचं सामान उतरलं होतं.

"खाला, वो किबला आप ही देखते ना?"

"देखती नहीं, दिखाती हूँ," गुलबानू म्हणाली आणि हात धुऊन तशीच तिच्या मागोमाग जिना चढू लागली.

नमाज पढताना तोंड मक्केकडे हवं, ती दिशा म्हणजे किबला; मुसल्ला, नमाजेची चटई, त्याच दिशेला अंथरायची. घर नवं असलं की पहिला प्रश्न तोच पडतो. मस्कतमधल्या रुवीतल्या त्या पाच मजली इमारतीत आणि आजूबाजूच्या दोन गल्ल्यांत तो प्रश्न पडला की लोक होकायंत्र शोधत बसत नसत, सरळ गुलबानूखालाला बोलवत. ती यायची, चपला दारात काढायची आणि बैठकीच्या मधोमध उभी राहायची. ऊन फरशीवर कुठवर आलंय ते बघायची, घड्याळात किती वाजले ते विचारायची, आणि सूर्य बुडेल त्या अंगाला हात करून म्हणायची, "हा असा घाला मुसल्ला. आणि हे फ्रिज सरकवा, सिजद्याला कपाळ आपटेल." लोक निमूटपणे फ्रिज सरकवायचे. एकदा एका नव्या जोडप्याचा भलाथोरला पलंग तिने दुसऱ्या खोलीत न्यायला लावला होता, आणि तोसुद्धा त्या पोराने कुरकुर न करता नेला.

ही विद्या तिची माहेरची. वडील रेवदंड्याला मचव्यावर तांडेल होते. सूर्य, वारा आणि किनारा बघून दिशा सांगायचे. सहा मुलींत ही एकटीच त्यांच्या मागे मागे फिरायची. १९८६ साली तय्यबशी निकाह झाला आणि ती मस्कतला आली. त्या दिवसापासून, बायकांना ज्या दिवसांची माफी असते ते सोडले तर, तिची एकही नमाज चुकली नव्हती. मुनिबा झाली तेव्हाचे चाळीस दिवस सरले, त्याच दुपारी ती मुसल्ल्यावर उभी. टायफॉइडच्या तापात पडल्या पडल्या डोळ्यांच्या इशाऱ्याने पढली. सोळा वर्षं झाली होती. हे ती कधी मोठ्याने बोलून दाखवत नसे, पण तिच्या मनातली खरी ठेव तीच होती. सोनंनाणं काय, येतं आणि जातं.

त्या दिवशी हैदराबादवालीचं काम उरकून ती परत रोट्यांकडे वळली, तर तय्यब दुपारीच घरी आलेला.

तय्यब वादी कबीरला टाइल्सच्या दुकानात गोदाम सांभाळायचा; दुकानाच्या मालकाला सगळे अर्बाब म्हणत. टाइल बोटाने टिचकी मारून आवाजावरून ओळखणारा माणूस. आला तो चपला न काढताच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिला.

"बानू, सोडत लागली गो."

"कसली सोडत? तुम्ही लॉटरी खेळता?" तिचा हात तव्यावरच थांबला.

"तोबा तोबा! ती टाइल्स पाठवणारी कंपनी आहे ना पोर्तुगालची, त्यांनी सगळ्या दुकानांच्या स्टाफची नावं एका डब्यात टाकली होती. अर्बाबने चिठ्ठी काढून घेतली, माझं नाव निघालं. विमानाची दोन तिकिटं. लिस्बन!"

"मग विकून टाका."

"नाव लिहिलंय गो त्याच्यावर, विकतात काय? आणि मला जायचंय."

तिने वळून बघितलं. तय्यब असं कधी बोलत नसे. नवा शर्ट घे म्हटलं तरी 'जुना चांगला आहे' म्हणणारा माणूस. पण रेवदंड्यात त्याचं घर फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या, किल्ल्याच्या तटाला चिकटून होतं. त्याच तटाला त्यांच्या बकऱ्या बांधलेल्या असत, त्याच्यावरच मासे वाळत. नोकरीसाठी समुद्र ओलांडून मस्कतला आला, तर इथेही मत्रहच्या बंदरावर फिरंग्यांचाच किल्ला उभा.

"जन्मभर त्यांच्या भिंती बघितल्या," तो म्हणाला. "ते निघाले कुठून, ते एकदा बघू दे. नदीच्या तोंडाशी एक बुरूज आहे म्हणे, तिथून जहाजं सुटायची. तेवढं बघितलं की बास."

तिकीट फुकट, पण बाकी सगळं आपल्या खिशातून. व्हिसाचे कागद कंपनीने केले. मुनिबाला चार दिवस खालच्या मजल्यावर फरिदाकडे ठेवलं. बॅगेत चाळीस रोट्या, सुकटीची कोरडी चटणी तीन पिशव्यांत एकात एक बांधून, दोन किलो खजूर आणि पाणी तापवायची विजेची किटली. २००२ चा ऑक्टोबर होता. बुधवारी निघायचं आणि रविवारी रात्री परतीचं विमान.

"अम्मी, तिथे पिझ्झा खा ना," मुनिबा निघताना म्हणाली. "युरोपला जाऊन रोटी काय खाता तुम्ही!"

"तुझ्यासाठी आणीन हो, पाकिटात घालून," गुलबानूने तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि आयतुल कुर्सी पुटपुटत टॅक्सीत बसली.

दोन विमानं बदलून ती दोघं लिस्बनला पोचली तेव्हा दिवस कलला होता. विमान बदलताना विमानतळावरच्या नमाजखोलीत दुपारची जुहर आणि तिसऱ्या प्रहरची असर एकत्र पढून झाल्यावर गुलबानू तसबीची माळ हातात धरून झोपली होती. आकाशातून किती देश मागे गेले, याची तिला दाद नव्हती. राहायची जागा होती एका चिंचोळ्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. जिना इतका अरुंद की बॅग पुढे आणि माणूस मागे, अशीच वर जाणार. खोलीत पलंग, बेसिन आणि खिडकी. पण खिडकी उघडली आणि दोघं तिथेच उभी राहिली. खाली लाल कौलांची उतरती घरं, त्यापलीकडे पाणी, आणि पाण्याच्या वरच्या अंगाला सूर्य बुडायला टेकलेला.

"बघा," गुलबानू म्हणाली, "किबला समोरच. विचारायला सुद्धा जायला नको."

दोघांनी हात-तोंड-पाय धुऊन वजू केली, खिडकीकडे तोंड करून सूर्यास्ताची मगरिबची नमाज पढली, मग प्रवासाची सवलत घेऊन लगेच रात्रीची इशाही उरकली. रोटीवर चटणी घालून जेवली. खोलीभर सुकटीचा वास दरवळला. खिडकी रात्रभर उघडी ठेवावी लागली.

गुरुवारी सकाळपासून पायपीट. शहर सात टेकड्यांवर वसलेलं म्हणतात, पण त्या दिवशी ती दोघं सतरा चढली असावीत. पिवळ्या ट्राममध्ये बसायचं एकदाच, तेही उतारावर नाही, चढावर, असा गुलबानूचा नियम. किल्ल्याचं तिकीट न काढता शेजारच्या चौथऱ्यावरून तोच देखावा फुकट बघितला. मोठ्या चर्चांच्या दारात उभं राहून आतली उंची नजरेनेच मोजली. पण तय्यबला त्यात फारसा रस नव्हता. त्या गावातल्या घरांना बाहेरून टाइल्स लावलेल्या! निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, दोन-दोनशे वर्षांच्या. तो प्रत्येक भिंतीपाशी थांबायचा, टिचकी मारायचा, कान लावायचा.

"हा माल बघ. ए ग्रेड! आणि हा कोपरा बघ, नंतर कुणीतरी बी ग्रेड चिकटवलाय."

"अहो, लोकांच्या भिंती आहेत त्या. आतून पोलीस बोलावतील."

"बोलावू देत. त्यांना पण दाखवतो."

एका खिडकीतून खरंच एक म्हातारी बाहेर डोकावली. तय्यबने टाइलकडे बोट करून अंगठा वर केला. म्हातारीने हसून त्यालाच अंगठा दाखवला आणि आत गेली.

संध्याकाळी एका गल्लीत कोळशावर मासे भाजत होते. धुराबरोबर वास आला आणि दोघांचे पाय आपोआप थबकले. जवळ जाऊन बघतात तर तारल्या!

"या अल्ला," गुलबानू हसत सुटली. "एवढं विमानात बसून आलो ते तारल्या खायला?"

"रेवदंड्यात ह्याच्यावर मसाला तरी असतो," तय्यब म्हणाला. पण एका ताटातल्या सहा तारल्या दोघांनी वाटून खाल्ल्या आणि काटे ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवले. सबंध सहलीतलं बाहेरचं जेवण ते एवढंच.

शुक्रवारी तय्यब जुम्म्याची नमाज पढायला मेट्रोने मोठ्या मशिदीत गेला. गुलबानू खोलीवरच राहिली. तिने जुहर आपली खिडकीकडे तोंड करून पढली आणि बेसिनमध्ये कपडे धुतले. तय्यब परत आला तो टोपी न काढताच पलंगावर बसला.

"काय झालं? मशीद मिळाली ना?"

"मिळाली. मोठी आहे. स्वच्छ." मग त्याने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "चहा आहे?"

असरच्या वेळी तो म्हणाला, "तू पढून घे, मी खाली चौकात पढतो. हवा लागते." मगरिबलाही त्याला चौकातलीच हवा हवीशी झाली. शनिवारी पहाटे, थंडीत, अंधारात, फजरलाही तो शाल गुंडाळून खाली उतरला, तेव्हा गुलबानूला वाटलं, ह्या माणसाला युरोप चढलं.

शनिवारी दुपारी गल्लीच्या तोंडाशी, चौकाकडे जाताना एक दुकान दिसलं. बाहेर लटकलेली मसाल्याची पाकिटं, आत अगरबत्तीचा वास. गल्ल्यावर साठीची बाई, डोक्यावर पांढरी ओढणी. नाव सकिना. मूळ दीवची, जन्म मोझांबिकचा, आणि गेली पंचवीस वर्षं लिस्बनला. गुजराती वळणाच्या हिंदीत तिने दोघांना बसवून घेतलं, चहा दिला, मस्कतची चौकशी केली. बोलता बोलता असरची वेळ झाली.

"अंदर पढ लो ना बेन, मुसल्ला बिछा ही रहता है," सकिनाबेन म्हणाली.

आतल्या खोलीत तांदळाच्या गोण्यांच्या मधोमध एक झिजलेला हिरवा मुसल्ला अंथरलेला होता. गुलबानू त्याच्यापाशी गेली आणि थबकली. मागच्या खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. मुसल्ल्याची तोंडाची बाजू त्या उन्हाच्या बरोबर उलट. एवढी परहेजगार, धर्म पाळणारी बाई, आणि पंचवीस वर्षं उलटी पढतेय! गुलबानूला तिची कीव आली. पण चूक दिसली की ती सांगितल्याशिवाय राहणारी नव्हती. तिने वाकून मुसल्ला उचलला, गर्रकन फिरवला आणि उन्हाच्या दिशेने घातला.

"बुरा मत मानना बेन. आपका किबला ग़लत है. सूरज उधर डूबता है."

दुकानातून तय्यबचा आवाज आला, "बानू..."

"तुम्ही थांबा हो. हिला सांगू दे मला."

सकिनाबेन दारात उभी होती. तिने मुसल्ल्याकडे बघितलं, मग गुलबानूकडे, आणि शांतपणे विचारलं, "बेन, आप मस्कत से आयी ना?"

"हाँ."

"बीच में मक्का आया था कि नहीं?"

गुलबानूने खिडकीकडे बघितलं.

"हमारे दीव से मक्का सूरज के उधर पड़ता है, तुम्हारे मस्कत से भी," सकिनाबेन तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "आप तो उसको पीछे छोड़ के आगे निकल आयी. यहाँ से सूरज के उधर सिर्फ़ दरिया है, और उसके बाद अमेरिका."

गुलबानू तांदळाच्या गोणीवर बसली. रेवदंडा, मस्कत, मधला समुद्र, मक्का, हे सगळं तिने मनात एका ओळीत मांडून बघितलं आणि लिस्बन त्या ओळीच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन पडलं. हे लहान मुलालाही समजलं असतं. मुनिबाला समजलं असतं. तिने मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. तय्यब लवंगांच्या बरणीवरची चिठ्ठी फार लक्ष देऊन वाचत होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"काल मशिदीतून बाहेर पडलो, आणि सूर्याकडे बघितलं तेव्हा..."

"आणि बोलला नाहीत?"

"तीनदा तोंड उघडलं गो. तुला कोण सांगणार? सोळा वर्षांत तुला किबला कुणी सांगितलाय? मी म्हटलं, आपण आपलं चौकात पढावं."

"म्हणजे तुम्ही मक्केकडे आणि बायको अमेरिकेकडे!"

सकिनाबेन आधी ओढणीत तोंड लपवून हसली, मग तिला लपवता येईना. तय्यबही हसला. गुलबानूला हसू आलं नाही. तिने मुसल्ला होता तसा फिरवून ठेवला, त्यावर उभी राहिली आणि असर पढली. नमाज संपवून सलाम फिरवल्यावर ती बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसली. बुधवारच्या दोन, गुरुवारच्या पाच, शुक्रवारच्या पाच, आज सकाळपासून दोन. चौदा.

त्या रात्री खोलीत तय्यबने हरतऱ्हेने समजावलं.

"अल्ला नियत बघतो, बानू."

"नियत बघतो. आणि मी मक्केकडे पाठ केली होती ती पण बघितली असेलच की."

"अजाणता झालं ना."

"विचारलं असतं तर जाणता आलं असतं. मी विचारलं नाही, तेच तर. परत पढायच्या. आपल्यात तसंच आहे."

रविवारी सकाळी, शेवटच्या दिवशी, बुरूज बघायला जायचं होतं. ती येणार नाही असं तय्यबने गृहीत धरलं होतं, पण ती निघाली. त्याची एकच तर हौस होती. नदीच्या तोंडाशी, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा पांढरट बुरूज उभा होता. आत जायचं तिकीट दोघांनी काढलं नाही. तय्यब काठावर उभा राहून किती तरी वेळ पाण्याकडे बघत होता.

"इथून निघाले," तो शेवटी म्हणाला, "आणि आपल्या दारात येऊन उतरले. एवढं लांब! ह्यांनासुद्धा वाटेत कुणी विचारलं नसेल, कुठं चाललात म्हणून."

"टिचकी मारा आता," ती म्हणाली.

त्याने खरंच काठाच्या दगडाला टिचकी मारली आणि मान डोलावली. मग हिरवळीकडे बघून म्हणाला, "जागा चांगली आहे. तुझ्या त्या चौदा इथंच पढून टाक. प्रवासात नमाजेच्या चार रकातींच्या दोनच पढाव्या लागतात. घरी पोचलीस की पूर्ण चार भराव्या लागतील. इथं अर्ध्यात सुटशील."

गुलबानूने चार दिवसांत ट्रामचं एकच तिकीट काढलं होतं, किल्ला बाहेरून बघितला होता, सहा तारल्या दोघांत वाटून खाल्ल्या होत्या. पण हे ऐकून तिने बॅगेचा पट्टा खांद्यावर घट्ट केला.

"इतर सगळं अर्ध्यात झालं, तेवढं पुरे. ह्या मी घरी जाऊन पूर्ण पढीन."

"एकेक?"

"एकेक."

मस्कतला पोचल्यावर तिने तेच केलं. रोजच्या प्रत्येक नमाजेनंतर जुन्यातली एक, पूर्ण. मुनिबा अभ्यासाच्या टेबलावरून मान तिरकी करून विचारायची, "अम्मी, अजून किती आहेत? आय मीन, पेंडिंग?" गुलबानूने तिच्यापासून काहीच लपवलं नाही. इमारतीतल्या कुणापासूनच लपवलं नाही. तय्यब कुठेतरी मीठमिरची लावून सांगेल, त्याआधी आपणच सांगितलेलं बरं, असं ती म्हणायची. ती हावभावांसकट सांगायची. मुसल्ला गर्रकन कसा फिरवला ते दाखवायची. हैदराबादवाली तर हसता हसता जिन्यातच बसली.

गुरुवारी दुपारी फरिदा मुनिबाचे राहिलेले कपडे द्यायला वर आली. सगळी गोष्ट ऐकून ती हसली, आणि मग हसणं थांबवून ओढणीच्या टोकाशी चाळा करू लागली.

"आपा, एक सांगू? रागावणार नाही?"

"आता काय राहिलंय रागवायला?"

"तुम्ही नव्या आलात तेव्हा आमच्या घरात दाखवला होता ना किबला, तो तुम्ही रेवदंड्याच्या अंदाजाने दाखवलात. जरा उजवीकडे. माझा भाऊ होकायंत्र घेऊन आला होता, त्याने बघितलं. इथं जरा डावीकडे लागतो."

"मग?"

"मग मी तुम्ही आलात की उजवीकडे घालते. तुम्ही गेलात की डावीकडे फिरवते."

"सोळा वर्षं?"

"आता तुमच्यापुढे कोण बोलणार, आपा!"

गुलबानूच्या पोटातून हसू आलं, लिस्बनला अडकून राहिलेलं सगळं एकदम, इतकं की मुनिबा आतून धावत आली. डोळे पुसत ती फरिदाबरोबर खाली गेली, तिच्या बैठकीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "दाखव. तू कसा घालतेस, तसा घाल." फरिदाने मुसल्ला डावीकडे वळवून अंथरला. गुलबानूने खिडकीतल्या उन्हाकडे बघितलंच नाही. चौदातली शेवटची नमाज तेवढी बाकी होती. ती तिने फरिदाच्या मुसल्ल्यावर, फरिदाने दाखवलेल्या दिशेला पढली, पूर्ण चार रकात.

सलाम फिरवून झाल्यावर तिने मुसल्ल्याची घडी केली नाही, फरिदासाठी तसाच राहू दिला. खाली तय्यबने गाडीचा हॉर्न दिला. अल मवालेहच्या बाजारातून कांद्याची गोणी आणायची होती.